शंखी गोगलगाय आपल्या शिवारात आली कशी?

हातातलं काम चालू असेल तर चालू द्या. भाकरी थापता थापता ऐकलं तरी चालेल. आज मी इतिहास सांगणार आहे, पण तो राजा-महाराजांचा नाही. तो आहे आपल्या बांधावरच्या शंखी गोगलगायीचा.

‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. वरून गरीब दिसणाऱ्या, पण आतून आपला डाव साधणाऱ्या माणसाला आपण असं म्हणतो. या म्हणीचा खरा अर्थ आम्हाला २०२२ सालच्या खरिपात कळला. पेरणी झाली होती, पाऊस बरा होता, सोयाबीन उगवून वर आलं होतं. सकाळी रानात जाऊन बघतो तर काय, ओळीच्या ओळी गायब! कोवळी पानं, कोंब, सगळं कातरून नेल्यासारखं. मातीवर नुसत्या चकाकणाऱ्या चिकट रेघा. त्या साली लातूर, बीड आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, या तीन जिल्ह्यांत किती तरी जणांना दुबार पेरणी करावी लागली. शेवटी सरकारला गोगलगायींच्या नुकसानीसाठी मदत जाहीर करावी लागली.

कागदावर नुकसान हेक्टरात मोजतात. पण रात्री बॅटरी धरून, चिखलात वाकून, बादली बादली शंख्या वेचल्या त्या कुणी? आपणच. त्या कंबरदुखीचा पंचनामा कुणी केला नाही.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, त्या बांधावर उभ्या राहून म्हणाल्या, “अगं, माझा सारा जन्म ह्या रानात गेला. असली शंखी मी कधी बघितली नव्हती. ही आली कुठून?”

आत्याबाईंचा हा प्रश्न अख्ख्या गावाला पडला होता. गावाला उत्तरही लगेच सापडलं. आमच्या बचत गटात एक मैत्रीण आहे. नवरा गेलेला, दोन लेकरं, दीड एकर रान. दोन वर्षांपूर्वी तिने एका रोपवाटिकेतून शेवग्याची आणि पेरूची रोपं आणून बांधावर लावली होती. तिच्या रानात शंख्या जास्त दिसल्या. झालं! “हिनेच ही पीडा गावात आणली,” असं पाणवठ्यावर, पारावर, सगळीकडे सुरू झालं. गटाच्या बैठकीतही कुणी तरी टोमणा मारला. त्यानंतर तिने बैठकीला यायचं सोडलं. दोन महिने तिची बचतही आली नाही.

मला काही ते पटेना. म्हणून मी ठरवलं, या गोगलगायीचा माग काढायचा. कृषी सहाय्यकांना विचारलं, विद्यापीठाची माहितीपत्रकं वाचली, लेकीकडून मोबाइलवर शोधून घेतलं. जे कळलं ते आज तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट अशी की ही शंखी आपली नाही. आपल्याकडे देशी गोगलगायी आहेत, बिनशंखाच्या शेंबड्या गोगलगायीही आहेत. त्या आपल्या मातीत पहिल्यापासून आहेत. पण ही तपकिरी पट्ट्यांची, निमुळत्या टोकाच्या शंखाची, तळहाताएवढी वाढणारी मोठी गोगलगाय आहे आफ्रिकेची. आफ्रिका खंडाच्या पूर्व किनाऱ्यावर, आज जिथे केनिया आणि टांझानिया हे देश आहेत, तिथलं रान तिचं माहेर. शास्त्रज्ञ तिला अकाटिना फुलिका म्हणतात.

माहेरी ती फार माजत नाही. कारण तिथे तिला खाणारे आहेत. तिला खाणारे किडे आहेत, गोगलगायीच खाणाऱ्या दुसऱ्या गोगलगायी आहेत. शिवाय तिला होणारे रोग आहेत. हजारो वर्षांत त्यांचं एकमेकांशी गणित बसलेलं असतं.

आता बघा, केनियाहून आपल्या गावापर्यंत यायचं तर मधे अख्खा समुद्र. गोगलगायीला खारं पाणी सोसत नाही. मिठाच्या पाण्यात टाकली की ती मरते, हे आपण रोज बादलीत बघतो. उडून यायला तिला पंख नाहीत. चालायची गत तर तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणजे तिला कुणी तरी उचलून आणलं. समुद्र तिने ओलांडला तो दर वेळी माणसाच्या हातावर बसून.

तिचा पहिला मोठा मुक्काम मादागास्कर. आफ्रिकेच्या पूर्वेचं हे मोठं बेट. तिथून साधारण १८०० सालाच्या आसपास ती मॉरिशस बेटावर पोचली. का नेली? त्या काळी तिकडे गोगलगायीचा रस्सा आजारी माणसाला, छातीच्या दुखण्याला चांगला असं मानत. औषधासाठी नेली, असं सांगतात. आपण नाही का खोकल्याला अडुळसा आणून परसात लावत, तसंच.

मॉरिशस म्हटलं की आपल्यातल्या काही जणींचे कान टवकारतील. तिथे मराठी माणसं राहतात. इंग्रजांच्या अमलात ऊस तोडायला, साखर काढायला तिथे मजूर हवे होते. १८३४ पासून आपल्या देशातून करार करून, म्हणजे गिरमिटावर, माणसं जहाजात भरून नेली. बहुतेक जण कलकत्त्याहून गेले, पण मुंबईहूनही जहाजं सुटली. कोकणातून, रत्नागिरीच्या बाजूने गेलेल्या लोकांची पतवंडं आजही तिथे स्वतःला मराठी म्हणवतात, गणपती बसवतात. तिथल्या शाळांत मराठी शिकवली जाते. म्हणजे पोटासाठी आपली माणसं त्या बेटावर गेली आणि त्याच बेटावरून ही शंखी आपल्याकडे आली. कशी, ते ऐका.

कलकत्त्यात ईस्ट इंडिया कंपनीचे एक इंग्रज अधिकारी होते. विल्यम बेन्सन त्यांचं नाव. त्यांना शंख-शिंपल्यांचा भारी नाद. देशोदेशीच्या गोगलगायी गोळा करायच्या, त्यांना नावं द्यायची, त्यांच्याबद्दल लिहायचं. आपल्या देशातल्या गोगलगायींची कितीतरी माहिती त्यांच्यामुळे जमली, हेही खरं. १८४७ साली त्यांनी मॉरिशसहून या मोठ्या गोगलगायी जिवंत आणल्या. कलकत्त्याच्या चौरंगी भागातल्या एका बागेत त्या सोडल्या गेल्या.

बस्स, एवढंच. एक हौशी माणूस, थोड्या गोगलगायी आणि एक बाग. त्या दिवशी बागेतल्या माळ्यालाही वाटलं नसेल की याची किंमत पावणेदोनशे वर्षांनी मराठवाड्यातल्या बायांना मोजावी लागेल.

आता तुम्ही विचाराल, थोड्याशा गोगलगायींनी एवढा देश कसा व्यापला? त्याचं उत्तर तिच्या अंगात आहे.

गोगलगायीत नर वेगळा, मादी वेगळी असं नसतं. एकाच अंगात दोन्ही असतात. दोन गोगलगायी एकत्र आल्या की दोघीही अंडी घालू शकतात. एका वेळी शंभर-दोनशे अंडी, कधी त्याहून जास्त, आणि वर्षातून अनेक वेळा. साधारण सहा महिन्यांत पिल्लू जाणतं होतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एकदा जोडी जमली की तिच्या पोटात बीज कित्येक महिने टिकून राहतं. म्हणजे एकटी शंखी जरी नव्या ठिकाणी पोचली, तरी ती तिथे वंश उभा करू शकते.

दुसरं म्हणजे तिला उन्हाळा मारत नाही. ऊन तापलं की ती मातीत, दगडाखाली, पालापाचोळ्यात शिरते, शंखाच्या तोंडाला पडदा लावून घेते आणि झोपते. महिनोन् महिने झोपते. मृगाचा पाऊस पडला की जागी होते. आता हिशोब लावा. आपलं सोयाबीन कधी उगवतं? त्याच वेळी. ती भुकेने उठते आणि समोर कोवळ्या कोंबांचं ताट वाढलेलं असतं! शेजारी ऊस असेल, पाटाचं पाणी असेल, तर दिवसा लपायला सावली आणि ओलही मिळते.

तिसरं, तिला खाण्याचा विधिनिषेध नाही. पाचशेहून जास्त तऱ्हांच्या वनस्पती ती खाते. पपई, केळी, भाजीपाला, फुलझाडं, काही सोडत नाही. शंख वाढायला चुना लागतो म्हणून घराच्या भिंतीचा चुनासुद्धा खरवडून खाते.

आणि चौथं, तिला खाणारे तिचे वैरी आफ्रिकेतच राहिले. उचलून आणणाऱ्याने फक्त तिलाच आणलं.

कलकत्त्यानंतरचा तिचा प्रवास संथ, पण न थांबणारा. बंगालमधून बिहार, ओडिशा, आसाम आणि मग दक्षिणेकडे. प्रत्येक ठिकाणी कुणी मुद्दाम सोडली असं नाही. कुंडीतल्या मातीत अंडी होती. केळीच्या कंदाला, रोपाच्या मुळाशी पिल्लू होतं. कधी ट्रकच्या चाकाला, कधी विटांच्या ढिगात, कधी लाकडाच्या ओंडक्याखाली एखादी चिकटून गेली. अंदमानच्या बेटांवर दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात जपानी सैन्य होतं. त्या काळात ती तिथे पोचली. सैन्याला खायला होतील म्हणून आणल्या, असं सांगतात. लंकेत ती १९०० च्या सुमारास गेली, तर पार प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर १९३६ साली.

आता एका आजीची गोष्ट सांगते. ती मला फार लागली.

१९६६ साली अमेरिकेतला एक लहान मुलगा हवाई बेटांवर सहलीला गेला. परत येताना त्याने गंमत म्हणून तीन गोगलगायी आणल्या. घर होतं फ्लोरिडा राज्यात, मायामी शहरात. थोडे दिवस खेळला. मग त्याच्या आजीने त्या तीन शंख्या घरामागच्या बागेत सोडून दिल्या. आपण तरी काय केलं असतं? जीव आहे, मारायचा कशाला, म्हणून सोडल्याच असत्या. सात वर्षांनी तिथे अठरा हजारांहून जास्त गोगलगायी सापडल्या. त्या संपवायला १९७५ साल उजाडलं आणि दहा लाख डॉलरहून जास्त खर्च आला. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात! बरं, एवढं करूनही २०११ साली त्याच शहरात त्या पुन्हा सापडल्या. मग दहा वर्षं घरोघर फिरून, वास घेणारी कुत्री शिकवून त्यांनी दीड लाखाहून जास्त शंख्या गोळा केल्या. २०२१ साली ‘संपल्या’ असं जाहीर केलं आणि २०२२ साली त्याच राज्यात दुसरीकडे पुन्हा निघाल्या. आपण चिखलात वाकलो होतो, त्याच साली तिकडेही हीच शोधाशोध चालू होती.

त्या आजीला कुणी पापी म्हणेल का? तिने वाईट हेतूने काहीच केलं नव्हतं. तिला ठाऊक नव्हतं, इतकंच.

मैत्रिणींनो, असं फक्त गोगलगायीचंच झालं नाही. आपल्याकडचे जीवही परदेशी गेले. १७६२ साली मॉरिशसमध्ये टोळांनी पिकं खाऊन टाकली, म्हणून आपल्या देशातल्या साळुंक्या तिथे नेऊन सोडल्या. १८७२ साली कलकत्त्याहून नऊ मुंगसं जमैका नावाच्या बेटावर नेली. तिथल्या उसाच्या मळ्यात उंदीर फार झाले होते, ते मुंगसं खातील असा हिशोब. सुरुवातीला खाल्लेही. पण उंदीर बाहेर पडतो रात्री आणि मुंगूस हिंडतं दिवसा. मग मुंगसांनी दिवसा जे मिळेल ते खायला सुरुवात केली. जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे, लोकांच्या कोंबड्या. वीस वर्षांच्या आत तिथल्या लोकांना उंदरांइतकाच मुंगसांचा वैताग आला. आपल्याकडे सापाला मारतं म्हणून ज्या मुंगसाचं आपण कौतुक करतो, तेच तिकडे पीडा ठरलं. प्राणी तोच, फक्त जागा बदलली.

गोगलगायीच्या बाबतीतही अशीच घाई झाली. हवाई बेटांवर शंख्या वाढल्या तेव्हा १९५५ साली फ्लोरिडातून दुसऱ्या जातीची गोगलगाय आणली. ती दुसऱ्या गोगलगायींना खाते. लांडग्यासारखी माग काढत जाते म्हणून तिला लांडगी गोगलगायच म्हणतात. वाटलं, आता ही मोठ्या शंखीला संपवेल. पण लांडगीला कुठे ठाऊक की अमकीलाच खायचं? तिला तिथल्या लहान, देशी गोगलगायी सोप्या वाटल्या. ताहिती आणि मोरेया ही बेटं आहेत, तिथेही १९७० नंतरच्या दशकात तिला नेलं. मोरेया बेटावर १९७७ साली सोडली आणि १९८७ पर्यंत तिथल्या झाडांवरच्या लहान सुंदर देशी गोगलगायी रानातून नाहीशा झाल्या. त्या बेटांवरच्या बाया त्या चिमुकल्या शंखांचे हार गुंफत. शंख संपले तशी ती कलाही गेली. काही जाती परदेशातल्या प्राणिसंग्रहालयांत थोड्याफार जिवंत ठेवल्या होत्या, त्यांना आता जपून परत नेऊन सोडताहेत. आणि मोठी शंखी? ती आहे तिथेच आहे.

मग बाहेरून काही आणूच नये का? तसंही नाही. आपण ज्या सोयाबीनसाठी रडलो, तेही मूळचं चीनकडचं. मिरची अमेरिका खंडातून आली आणि आपल्या ठेच्यात बसली. आपल्याकडची गीर गाय ब्राझीलला गेली आणि तिकडे मोठी दुधाची गाय झाली. फरक आहे तो आधी बघून, पारखून आणण्यात.

पपईचंच बघा. २००८ साली कोइमतूरकडे पपईवर परदेशी पिठ्या ढेकूण दिसला. मग तो पसरला आणि बागा पांढऱ्या पडल्या. २०१० साली शास्त्रज्ञांनी त्याला मारणारी बारीक गांधीलमाशी परदेशातून आणली. पण आधी तपासलं की ही दुसऱ्या कशावर जात नाही ना. ती फक्त त्या एका ढेकणावर जगते. तो संपला की तीही कमी होते. तिने पपई वाचवली. लांडगी गोगलगाय आणि ही माशी यांच्यातला फरक एवढाच की लांडगी काहीही खाते आणि ही एकच खाते. सोयरीक करताना घराणं बघतो ना आपण, तसंच हे.

आणि हा प्रवास अजून थांबलेला नाही. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी आठवते? ती मूळची अमेरिका खंडातली. २०१६ साली आफ्रिकेत दिसली आणि २०१८ साली कर्नाटकात शिवमोग्याकडे. काही महिन्यांत ती आपल्या मक्यावर होती. जहाजं आणि विमानं वाढली तसा जिवांचा प्रवासही सोपा झाला. मॉरिशसहून कलकत्त्याला यायला शिडाच्या जहाजाला आठवडेच्या आठवडे लागत. आज माल काही दिवसांत पोचतो आणि त्यात कोण लपून येतंय ते कुणी बघत नाही.

आता आत्याबाईंच्या प्रश्नाकडे परत येते. आली कुठून? आणि आणली कुणी?

आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून मादागास्कर, तिथून औषधापायी मॉरिशस, मॉरिशसहून हौसेपायी कलकत्ता, कलकत्त्याहून रोपांतून, मातीतून, गाड्यांतून साऱ्या देशभर. दोनशे वर्षांची ही साखळी. तिच्यात इंग्रज अधिकारी आहे, माळी आहे, सैनिक आहे, ट्रकवाला आहे, रोपवाटिकावाला आहे. आणि सगळ्यात शेवटी, आमच्या गावात, कदाचित आमची ती मैत्रीण आहे. कदाचित नाहीही. कारण त्याच साली आमच्याच घरी शेजारच्या तालुक्यातून उसाचं बेणं आलं होतं. सरपंचांच्या घराच्या पायात भरायला टिपरने बाहेरची माती आली होती. माझ्या जावेने माहेरहून केळीचे कंद आणले होते. शंखीने कुणाच्या गाठोड्यातून उडी मारली, हे कोण सांगणार?

मी हे सगळं गटाच्या बैठकीत सांगितलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग जाऊबाई म्हणाल्या, “म्हंजे माझ्या केळीतूनबी आली असंल की!” आणि हसल्या. त्या हसल्या तशी बाकीच्याही सैल झाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही सात-आठ जणी बादल्या घेऊन तिच्या दीड एकरावर गेलो. ती दारात उभी राहून बघत होती. काही बोलली नाही. मग आत गेली, पदर खोचला आणि स्वतःची बादली घेऊन आली. पुढच्या बैठकीला ती आली, पण मागच्या कोपऱ्यात बसली. तिला पुन्हा पुढे येऊन बसायला पावसाळा उलटून जावा लागला. बोललेलं असं पटकन पुसलं जात नाही, हे आम्हा सगळ्यांनाच कळलं.

मैत्रिणींनो, कुणी आणली यावर भांडण्यापेक्षा पुढे काय करायचं ते महत्त्वाचं. म्हणून थोडक्यात सांगते.

वेचताना उघडा हात लावू नका. हातमोजे घाला. नसतील तर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा. या गोगलगायीत उंदरांकडून आलेला एक जंतासारखा कृमी असू शकतो. तो माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. लेकरांना खेळायला देऊ नका. रानातला कच्चा पाला, मेथी, कोथिंबीर नीट धुऊन घ्या. काम झालं की साबणाने हात धुवा.

संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधाच्या कडेने टाका. रात्री शंख्या तिथे जमतात. पहाटे ऊन चढायच्या आधी गोळा करा, मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाका आणि मग खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. मीठ बादलीतच वापरा, रानात टाकू नका. माती खराब होईल.

बांधाच्या कडेने भुकटी चुन्याचा पट्टा ओढा. भिंतीचा वाळलेला चुना ती खाते, पण ही भुकटी तिच्या ओल्या अंगाला भाजते. पावसाने धुऊन गेला तर पट्टा पुन्हा ओढावा लागतो. विषारी गोळ्या वापरायच्या तर कृषी सहाय्यकांना विचारूनच. त्या गोळ्या कुत्र्याने, कोंबडीने खाल्ल्या तर जीव जातो. लेकरांपासूनही त्या लांब ठेवा.

उन्हाळ्यात बांध, उकिरड्याची कडा, दगडांचे ढीग बघा. साबुदाण्यासारखी पांढुरकी-पिवळसर अंडी मातीत पुंजक्याने सापडतात. एक पुंजका नष्ट केला म्हणजे पावसाळ्यातल्या शंभर-दोनशे शंख्या वाचल्या. आणि हे एकटीने करून उपयोग नाही. शेजारचा बांध सुटला की सगळं पाण्यात. गटाने, गावाने एकाच आठवड्यात करायचं.

शेवटचं आणि सगळ्यात स्वस्त काम. रोप आणलं, कंद आणला, बाहेरची माती आणली, की रानात न्यायच्या आधी अंगणात ठेवा. पिशवीच्या तळाशी, मुळांच्या मातीत, पानांखाली बघा. पाच मिनिटं लागतात. १८४७ साली कलकत्त्यात ही पाच मिनिटं कुणी काढली नाहीत. आपण काढू.

आणि आपल्या देशी गोगलगायींना मात्र उगाच मारू नका. त्या पालापाचोळा खाऊन मातीचंच काम करतात. शंखी ओळखायला शिका, लेकरांनाही शिकवा.

परवा आत्याबाई नातवाला घेऊन बांधावर बसल्या होत्या. नातू विचारत होता, “आजी, ही कुठून आली?” आत्याबाई म्हणाल्या, “लई लांबून आलीया बाबा. पर तिला कुणी विचारलं नव्हतं, तुला यायचंय का म्हणून.”

मला वाटतं, आत्याबाईंनी माझं अख्खं भाषण एका वाक्यात सांगितलं.

येते मैत्रिणींनो. तुमच्या शिवारात असा कुणी परका पाहुणा आला असेल, तर गटाच्या बैठकीत नक्की बोला. नमस्कार.